पुढचा नंबर तुमचा!

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं बरंचसं आता पुसट झालं आहे. पण एका साध्या चोरीचा तपास काही पाठ सोडत नाही. चोरीला गेली होती पत्र्याची एक पाटी, आणि ती पाटी माझी होती.

माझी म्हणजे सरकारीच, पण मजकूर माझा. तेव्हा मी पश्चिम उपनगरातल्या किनाऱ्यालगतच्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत समुद्रात घुसलेला काळ्या खडकांचा एक पट्टा होता. ओहोटीला तिथे चालत जाता येई. भरती लागली की पाणी आधी मागच्या बाजूने भरे आणि समोर बघत उभ्या असलेल्या माणसाला ते कळतच नसे. दरवर्षी पोरं बुडत. अंधेरी, मालाड, घाटकोपर, कुठून कुठून आलेली असत. पंचनामा व्हायचा, आईबापांचा आकांत व्हायचा, अकस्मात मृत्यूची नोंद व्हायची, आणि पुढच्या रविवारी त्याच खडकावर नवी गर्दी दिसायची.

'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे' असा एक गंजका फलक तिथे होता. पालथ्या घड्यावर पाणी. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर असे, त्यामुळे अंगात थोडी खुमखुमी होतीच. मी लालभडक मोठी पाटी करून घेतली, वर कवटी काढून घेतली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहायला लावलं, 'इथे गेलेले परत आले नाहीत. पुढचा नंबर तुमचा!' वरिष्ठांनी पाठ थोपटली. एका वर्तमानपत्राने मला पाटीखाली उभं करून फोटो छापला. तो मी फ्रेम करून केबिनमध्ये खुर्चीमागे लावला. खोटं कशाला बोलू, आल्यागेल्याला दाखवतही असे.

वर्षभराने पाटी गायब झाली. ठाण्यात सगळ्यांनी भंगारवाल्यांकडे बोट दाखवलं. दुसरी पाटी लावली, तीही गेली. या वेळी मी स्वतः जागा पाहिली. खांब शाबूत होता, कुठे ठोकाठोक नव्हती. नटबोल्ट पान्याने सावकाश काढून एका दगडाखाली नीट गोळा करून ठेवले होते. भंगारवाला बोल्ट सोडून जात नाही, आणि मस्तीखोर पोरं ते गोळा करत बसत नाहीत. एवढं माझ्या लक्षात आलं, पण त्यापुढे डोकं चाललं नाही, कारण डोक्यात राग होता. आमच्याच हद्दीत आमचीच पाटी चोरतात म्हणजे काय! चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला आणि तिसरी पाटी लावली.

खबर मिळाली ती किनाऱ्यावरच्या एका भेळवाल्याकडून. "साहेब, शहाळीवाल्याच्या टपरीतून पाना जातो. पाटी गेली त्या दोन्ही दिवशी बघितलंय मी."

हा शहाळीवाला जवळच्याच गावठाणातला, वयाने माझ्यापेक्षा मोठा, ख्रिस्ती कुटुंबातला. आधी मासेमारी करायचा. कुणी बुडालं की आमच्याआधी पाण्यात उडी त्याची पडे. पण मला हेतू सापडल्यासारखं वाटलं. पाटी बघून गिऱ्हाईक घाबरत असणार, याचा धंदा बसत असणार. मी त्याला सकाळीच आणून बाकावर बसवलं. चौकशीची ही जुनी रीत आहे, माणूस बसून बसून मऊ होतो. तो झाला नाही.

"पाना कुणाला दिलास?"

"दिला एकाला."

"नाव सांग."

"नाय सांगणार, साहेब."

"टपरीचं लायसन आहे का तुझ्याकडे? एक फोन केला तर संध्याकाळी जागा साफ होईल."

"करा फोन. पन नाव नाय सांगणार."

"धंदा बसला म्हणून पाटी काढायला लावलीस ना?"

त्यावर तो हसला. "धंदा बसला? तुमची पाटी लागली तवापासून माझी शहाळी पुरत नाय, साहेब."

मला तो उद्धटपणा वाटला. मी टेबलावर हात आपटला आणि संध्याकाळपर्यंत त्याला पाणीही विचारलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शिवाय त्या एका वाक्यात त्याने सगळा गुन्हा उलगडून दिला होता. मी ते ऐकलं नाही, एवढंच.

त्याला सोडून दिलं आणि साध्या वेशातल्या एका महिला शिपायाला सुट्टीच्या दिवशी किनाऱ्यावर बसवायला सुरुवात केली. एका रविवारी दुपारी तिचा फोन आला. मी घरच्या कपड्यांतच ठाण्यात पोहोचलो. माझ्या केबिनमध्ये पन्नाशीची एक बाई बसली होती. पिशवीत डबा, पाण्याची बाटली आणि रुमालात गुंडाळलेला पाना.

"पळाली नाही, सर," शिपाई म्हणाली. "मला म्हणाली, थांब गं, एवढा एक बोल्ट काढू दे."

बाई मुलुंडला राहणाऱ्या, मूळच्या कोकणातल्या. घरी पाळणाघर चालवत. मुलुंडहून या किनाऱ्यापर्यंत यायचं म्हणजे अख्खी मुंबई आडवी कापून यायचं.

"बाई, ती सरकारी मालमत्ता आहे," मी आवाज चढवला. "आत जाल."

"जाईन ना. आधी फोटो बघा."

त्यांनी फोन पुढे केला. स्क्रीनला तडा गेला होता. फोटोत चार-पाच पोरं माझ्या पाटीखाली उभी होती. मधला एक उंच मुलगा बोटाने पाटी दाखवत तोंडभरून हसत होता. खाली त्यानेच लिहिलं होतं, 'पुढचा नंबर माझा!'

"ह्यो माझो झील," त्या म्हणाल्या आणि लगेच सावरून बोलल्या, "माझा मुलगा. हा फोटो मित्रांना पाठवला आणि खडकावर गेला. फोन पिशवीत राहिला म्हणून वाचला."

मला तो मुलगा आठवला. म्हणजे चेहरा नाही, कागद आठवला. अंधेरीच्या एका ऑफिसात कामाला होता. त्याची अकस्मात मृत्यूची नोंद माझ्याच सहीने बंद झाली होती.

"तुमच्या कागदात लिहिलंय, मयताने इशाऱ्याच्या फलकाकडे दुर्लक्ष केलं," बाई म्हणाल्या. "दुर्लक्ष नाही केलं, साहेब. तो बोर्डासाठीच आला होता. फोनवर कुणाचा तरी असाच फोटो बघितला, म्हणाला, आपण पण जाऊ. नुसता समुद्र बघायचा असता तर जुहूला गेला असता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "हे तुम्ही आधी येऊन सांगायचं होतं."

"आले होते. बाहेरच्या बाकावर बसले होते. तुम्ही जाता जाता म्हणालात, ताई, या बोर्डामुळेच तर लोक वाचतात."

मला तो प्रसंग आठवत नव्हता. आजही आठवत नाही. पण बाई खोटं बोलत नव्हत्या, इतकं माणसांचं मला कळतं.

"लहानपणापासून त्याचं असंच," त्या म्हणाल्या. "मी नको म्हटलं की त्याला तिथंच जायचं असायचं. झाडावर चढू नको म्हटलं की चढलाच. आम्ही त्याला कधी सहलीलासुद्धा पाठवलं नाही, भीतीपोटी. मीच त्याला 'नको'ची गोडी लावली. पण माझं 'नको' घरात होतं, साहेब. तुम्ही ते लाल रंगात लिहून समुद्रावर टांगलंत."

बोलता बोलता त्यांची नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर गेली आणि तिथेच थांबली. मी वळून पाहिलं नाही.

काढलेल्या पाट्या कुठे आहेत, विचारलं. घरी, कपाटामागे, तोंड भिंतीकडे करून. भंगारात का नाही दिल्या? "भंगारवाला परत कुणाला तरी विकेल. परत कुठंतरी लागतील."

घटनास्थळाचा पंचनामा करायचा म्हणून आम्ही तिघं किनाऱ्यावर गेलो. पाटी अर्धवट सुटून तिरकी लोंबत होती. तिच्याखाली कॉलेजातली दोन पोरं आणि एक मुलगी वाकडी मान करून उभी होती. मला बघताच एकाने फोन पुढे केला.

"काका, एक फोटो काढा ना. बोर्ड पूर्ण आला पाहिजे हां, कवटीसकट."

फोन माझ्या हातात होता. मी विचारलं, "वाचलंत का काय लिहिलंय? माणसं मेलीत इथे."

"म्हणून तर आलो ना, काका! सेफ जागी काय, मॉलमध्ये रोजच जातो."

"आम्ही थोडीच मरणार आहोत?" मुलगी म्हणाली. "पुढे खडकावर एक रील, मग निघालो."

"पुढे जायचं नाही. पाणी चढतंय."

"का? तुम्ही काय पोलीस आहात?"

सगळ्या नोकरीत या प्रश्नाला मी छाती काढून 'हो' म्हटलं होतं. त्या दिवशी मी नुसता फोन डोळ्यांसमोर धरला. माझी अक्षरं त्या पोरांच्या डोक्यावर लोंबत होती आणि मी ती फ्रेममध्ये नीट बसतात का बघत उभा होतो. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं, असं खरंच वाटलं.

बाईच पुढे झाल्या. "कुठं चाललात रे पोरांनो? तिकडं काय नाही, नुसती घाण. गटार सोडलंय पुढे. बूट भरतील ना."

पोरांनी आपापल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. "शी! चल यार," मुलगी म्हणाली. तिघंही मागे फिरली आणि शहाळ्याच्या टपरीकडे गेली.

बाईंनी पाना माझ्याकडे दिला. उरलेले बोल्ट मी काढले आणि वाळूत टाकले. त्या खाली वाकून ते वेचायला लागल्या.

"असे टाकू नका हो. अनवाणी पोरं फिरतात इथं. पायात घुसतील."

शहाळीवाल्याकडे जाऊन मी "चुकलं माझं" म्हणालो. तो शहाळं सोलत होता, मान वर न करता म्हणाला, "नाव सांगितलं असतं तर तुमी तिला त्याच बाकावर बसवली असती. तिच्या पोराला मीच बाहेर काढलेला, साहेब." त्याने शहाळं पुढे केलं. मला ते पूर्ण पिववलं नाही.

चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. तो इथे नव्हता, असं लिहून मी न्यायालयात समरी अहवाल पाठवला आणि गुन्हा बंद झाला. नवी पाटी मी लावू दिली नाही. खडकाच्या तोंडाशी गावातलेच दोन जीवरक्षक बसवून घेतले. त्यांना एकच सांगितलं, भीती घालू नका, कंटाळा आणा.

लोक जीव धोक्यात घालून अशा जागी का जातात, असं आता कुठे भाषणाला गेलो की विचारतात. पूर्वी मी म्हणायचो, मूर्ख असतात. आता तसं म्हणवत नाही. आठवडाभर त्याच खुर्चीत बसणारा, घरीदारी 'सांभाळून' ऐकणारा माणूस एका दुपारपुरता सांगण्यासारखं काहीतरी शोधत असतो. मरायला कुणीच आलेलं नसतं. परत जाऊन सांगायला आलेले असतात. मरण दुसऱ्याचं असतं अशी त्यांची खात्री असते, आणि माझ्या पाटीने ती पक्की केली. त्या खडकांचं नाव मी या लेखात मुद्दामच दिलेलं नाही. कुणी विचारू नये.

पाटीचे बोल्ट काढले त्याच संध्याकाळी मी केबिनमधला माझा फोटो उतरवला. फेकून द्यायचा धीर झाला नाही. तो आता घरी कपाटामागे आहे, तोंड भिंतीकडे करून. त्यात मी त्याच पाटीखाली उभा आहे, बाईंचा मुलगा उभा होता त्याच जागी, त्याच्यासारखंच बोट वर करून. आणि मीही तोंडभरून हसतो आहे.