दगडावरची काठी

ही गोष्ट माझ्या बायकोला माहीत नव्हती. ती गेली, तिला न कळताच गेली. पोराला गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हती. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझे कोण? कुणी नाही – म्हणूनच सांगतोय. माझं अक्षर वाकडं आहे, शाळा चौथीत सुटली. वाचायचं तर तसंच वाचा.

आणि आधीच सांगून ठेवतो – म्हातारा मरणाला टेकला, आता देवाला घाबरून पाप धुतोय, असं कुणी समजू नये. मी ठणठणीत आहे. अजून बदलापूर स्टेशनापासून चालत घरी येतो, रिक्षावाल्याला हात करत नाही.

आमचं गाव जांभूळच्या अलीकडे. गाव म्हणायचं आपलं – आता चारी बाजूंनी टॉवर उभे आहेत, मधे पन्नासेक जुनी घरं. वेशीवर एक दगड आहे, कमरेएवढा, शेंदूर लावलेला. त्याला आम्ही वीर म्हणतो. चैत्रात गावदेवीची पालखी निघते ती पहिली वीरापाशी थांबते, आणि तिथला पहिला नारळ आमच्या घराचा. कारण काय? तर तो वीर आमचा पूर्वज. घोड्यावर बसून दरोडेखोरांवर गेला, गावची गुरं सोडवली, तिथेच पडला. हे मला बापाने सांगितलं, बापाला त्याच्या बापाने. मी पोराला सांगितलं, नातवाला सांगितलं, जो येईल त्याला सांगितलं. गावचा इतिहास विचारायचा तर मला विचारा – असा माझा तोरा होता. होता कशाला म्हणू, आहे.

शेंदराचं एक असतं. दरवर्षी तेलात कालवून थर द्यायचा, जुना काढायचा नाही. पन्नास-शंभर वर्षांत दगडावर चार बोटं जाड साल चढते. आत नाक आहे की डोळा, कुणाला कळत नाही. आमच्या वीराचा नुसता लाल गोळा झाला होता.

तेव्हा मी तिशीत असेन. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कंपनीत फिटर होतो. जत्रेसाठी रजा टाकली होती. दुपारी टळटळीत उन्हात शेंदूर घेऊन वेशीवर गेलो. एकटाच होतो. तेलाचा पहिला हात मारला आणि कड्‌ असा आवाज झाला. ती सगळी साल, वरपासून खालपर्यंत, दोन फाकी होऊन खाली आली. नारळाची करवंटी सुटते ना, तशी.

आत काळा कुळकुळीत दगड. आणि त्याच्यावर माणूस.

घोडा नव्हता. दरोडेखोर नव्हते. पायावर उभा एक माणूस, समोर वाघ झेपावलेला, माणसाच्या मागे दोन गाई. आणि हातात – तलवार नाही. काठी. काठीच्या टोकाला तीन घुंगरं.

ती काठी मी ओळखली. कशी ओळखली? लहानपणी डोळ्यांनी पाहिलेली. आमच्या गावच्या येसकराची घुंगुरकाठी. येसकर म्हणजे वेस राखणारा, रात्री गस्त घालणारा, गावाला हाळी देणारा. माझ्या बरोबरीचा सदू, त्याचा आजा तो. काठी आपटत निघाला की घुंगरं वाजायची आणि आम्ही पोरं दारात यायचो. पुढे सदूच्या घरच्यांनी धर्म बदलला, बौद्ध झाले, गावकीची कामं सोडली. त्या आज्याने ती काठी उल्हास नदीत सोडून दिली. गावात पुष्कळ बडबड झाली. म्हाताऱ्याने मागे वळून बघितलं नाही. त्याचाही ताठा माझ्यासारखाच.

म्हणजे तो दगड कुणाचा, हे मला तिथे, त्या उन्हात, एका नजरेत कळलं. विचार करावा लागला नाही. म्हणून अजाणता झालं असं मी म्हणणार नाही.

घरी गेलो. कंपनीतली एक छिन्नी घरी होती – आणलेली म्हणा, चोरलेली म्हणा. छिन्नी-हातोडा घेऊन परत आलो. चार घाव घातले. घुंगरं एका तुकड्यात सुटली, अंगठ्याएवढी. मग काठीचं टोक दोन्ही बाजूंनी तासलं, धार काढली. हात साफ होता माझा. तलवार झाली. घोडा कुठून आणणार? तो नाही जमला. वर जाड शेंदूर लिंपला; तलवारीवर तेवढा पातळ, आणि पुढेही दरवर्षी तसाच. संध्याकाळी पालखी आली, ढोल वाजले, आणि मी सगळ्यांच्या पुढे होऊन नारळ फोडला. एका फटक्यात दोन भकलं.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. एक दगड तासला, काय मोठंसं?

सदू आणि मी एकाच कंपनीत, एकाच पाळीत. जेवायला एका बाकावर. त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी मी खायचो, माझ्या डब्यातली भाकरी तो. सात-आठ वर्षांनी असेल, जत्रेच्या आसपास, जेवता जेवता तो म्हणाला, “भाऊ, तुला एक इचारू? तो वेशीवरचा वीर आमचा हाय असं माझी आजी सांगायची. वाघाशी झुंजला. तुमच्याकडं कोण काय बोलतं का?”

बाकावर आठ-दहा जण होते. गावचे दोघे होते.

मी म्हणालो, “सद्या, दगडावर तलवार हाय. तुमच्या हातात तलवार कधी आली रं?”

“तलवार नाय रं. काठीच. आजी काठीच सांगायची.”

“मग तुझी काठी नदीत शोध जा,” मी म्हणालो. “आज्याने सोडलीय ना तुझ्या? मिळाली तर नारळ तुला.”

सगळे हसले. मीच पहिला हसलो. ती तलवार मी स्वतःच्या हाताने केलेली, आणि तीच त्याच्या तोंडावर फेकली. खोटं बोलणं वेगळं आणि हे वेगळं – कळतंय का तुम्हाला?

सदूने डबा बंद केला. एवढंच म्हणाला, “आम्हाला नारळ नको हाय, भाऊ. आम्ही फोडत पण नाय. नाव तेवढं पायजे होतं.”

दुसऱ्या दिवशी तो त्याच बाकावर बसला. बोलला, पाळीचं बोलला, फोरमनला शिव्या घातल्या. पण चटणी पुढे केली नाही. आम्ही दोघे रिटायर होईपर्यंत नाही. मीही मागितली नाही. मी का मागू?

सदू गेला त्याला दोन वर्षं झाली. त्याची मुलगी सुजाता विठ्ठलवाडीला राहते, शाळेत शिकवते. तिने मनावर घेतलं – गाव टॉवरखाली गडप व्हायच्या आत गावाचा इतिहास लिहायचा. घराघरात फिरली. कोण कुठून आलं, कुणाची विहीर, कुणाचं शेत. माझ्याकडे चार वेळा आली. फोन समोर ठेवायची, मी बोलायचो. हुशार पोरगी, बापासारखी गप्प ऐकणारी.

एकदा म्हणाली, “काका, बाबा म्हणायचे, वीराच्या हातात काठी आहे.”

मी तिला वेशीवर घेऊन गेलो. “काठीबिठी काय नाय. शेंदरावरनं बोट फिरव.”

तिने बोट फिरवलं. टोकापर्यंत नेलं. बोटाचा शेंदूर पुसला आणि म्हणाली, “हो काका. टोकदार आहे.”

बघा. तिने बापाच्या शब्दापेक्षा माझ्या दगडावर विश्वास ठेवला. कारण ती खरी आहे, हाताला लागेल तेच लिहिणारी.

गेल्या आठवड्यात पुस्तकाची कच्ची पानं आणून दिली. “काका, तुमचं पान तपासा, पुढच्या रविवारी घ्यायला येते.” माझा फोटो होता, फेटा बांधलेला. खाली घोडा, दरोडेखोर, सगळं माझं. आणि शेवटी एक ओळ – हा दगड येसकराचा असल्याचे काही जुनी माणसे सांगत, परंतु त्याला पुरावा मिळत नाही.

काही जुनी माणसे. बापाचं नावसुद्धा घातलं नाही तिने, पुरावा नाही म्हणून. ती ओळ मी बोट ठेवून तीनदा वाचली.

पुरावा नाही? पुरावा माझ्या घरात आहे. माळ्यावर, उल्हासनगरच्या सिंधी दुकानातून आणलेल्या पापडाच्या डब्यात, नटबोल्ट आणि वायसरांच्या खाली. तीन घुंगरं. इतकी वर्षं का ठेवला तो तुकडा? नदी काय लांब होती? फेकायला दोनदा निघालोही होतो. नाही फेकला. कारण विचाराल तर माझ्याकडे नाही, आणि असतं तरी चांगुलपणाचं नसतं.

डबा खाली काढला. पोराला बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पप्पा, छोडो ना आता. चाळीस वर्षं झाली, कोण बघतंय? जत्रेचा मान जाईल, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही.” मी म्हटलं, तोंड माझं आहे, मी दाखवीन. ज्याला बघायचं नसेल त्याने मान वळवावी. तो रागावून निघून गेला. जाऊ दे.

माझ्या पानावर मी आडवी रेघ मारली आहे. हा कागद आणि तो डबा रविवारी सुजाताच्या हातात देणार. छापायचं की फाडायचं, तिचं ती बघेल. गावाने काय करायचं ते गाव बघेल. चैत्रात पालखी येईल तेव्हा मी वेशीवर असेन – लपणार नाही – पण नारळ माझ्या हातात नसेल.

सदूला हे कळणार नाही. तो हयात असताना मला तीस वर्षं होती. रिटायर होईपर्यंत तर रोज एकाच बाकावर बसायचा.

सुजाता, शेंदूर खरवडून काढ. तुकडा काठीच्या टोकाला धरून बघ, घुंगरं वर करून. मी फिटर आहे, सांगतो – बसेल, पण नीट नाही बसणार. मधे फट राहील, गव्हाच्या दोन दाण्यांएवढी. तिथला दगड मी तासलाय.