सनईची चाल, माउथ ऑर्गनवर

माउथ ऑर्गन मी चंद्रपूरला कॉलेजात असताना घेतला. सिनेमाची गाणी त्यावर कोणीही वाजवतो. मला हवी होती ती नवरीच्या बिदाईची चाल. आमच्या सावलीकडच्या गावांत ती पूर्वी सनईवर वाजे, आणि वाजवणारे आमचेच लोक असत. बाबा त्यातले. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा बाबांनी सनई वैनगंगेत सोडून दिली आणि पुन्हा कुणाच्या दारात फुंकली नाही. लग्नांत मग बाहेरून बँड येऊ लागला.

चालीचा पहिला अर्धा भाग मला आत्याकडून मिळाला. धानाच्या रोवणीत चिखलात वाकून ती तो गुणगुणायची, पण पुढचं तिला येत नव्हतं. पुढचं येणारा एकच माणूस उरला होता आणि तो माझ्याच घरात विड्या ओढत बसलेला असे. मी मुद्दाम जवळ जाऊन अर्धी चाल वाजवायचो. "फुक, फुक तुयी पिपाणी," बाबा म्हणायचे. एकदा मी चुकलो तेव्हा त्यांची बोटं गुडघ्यावर हलली, सनईच्या भोकांवर हलावीत तशी. मला वाटलं, आज ना उद्या म्हातारा पाघळणार.

मग एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात कॉलेजातल्या मित्राच्या बहिणीचं लग्न आलं. घर जुन्या मालगुजाराचं, गावच्या जमीनदाराचं. मी पाहुणा म्हणून गेलो होतो, खुर्चीवर बसून जेवलो होतो. नवरी निघताना मित्रानं आग्रह केला आणि मी येत होती तेवढी चाल वाजवली. बाया रडल्या. मित्राच्या आजोबांनी बापाचं नाव विचारलं आणि खूश होऊन सुपात तांदूळ, गूळ, नारळ घालून माझ्या हातात दिलं. "घे. तुया बापालेही याच दारात देत होतो." मला तो मान वाटला. शिकलेला मूर्ख मी, ते सूप सायकलला बांधून घरी घेऊन आलो.

बाबांनी कुणाकडचं ते विचारलं. मी सांगितलं, हसत सांगितलं.

"ते सूप घेनं सोडून पंचवीस वर्सं झाले," ते म्हणाले, "आन तू सायकलवर बांधून आनलं."

तांदूळ त्यांनी स्वतः उठून कोंबड्यांना टाकले. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर मी जवळ बसून वाजवू लागलो की ते उठून जात.

तीन वर्षांनी बाबा अंथरुणाला खिळले. आत्या तोवर गेली होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी निर्लज्जपणे विचारलं, "बाबा, पुढची चाल सांगा ना. तुमच्यासंगं जाईल ती."

"जाऊ दे."

"विसरले का तुम्ही?"

"नाई. पुरी याद आहे मले." त्यांना धाप लागली होती. "पन तुले सांगतली त तू वाजवशीन."

मी चिडलो. मरायला टेकलेल्या माणसावर चिडलो आणि बाहेर जाऊन चहा प्यायलो. चौथ्या दिवशी ते गेले. इतकी वर्षं झाली, अजून मी त्या अर्ध्यापाशी येऊन थांबतो, आणि दर वेळी त्यांचा राग येतो. दुष्टपणा केला त्यांनी, असं लोकांना सांगतही आलो. पण त्यांनी मला नीट ओळखलं होतं. मी वाजवलीच असती, कुणाच्याही दारात.