जिताड्याचं डोकं

"तीन महिन्यांच्या गोळ्या खाडीत टाकल्या?" आमच्या डॉक्टरबाई ओरडल्या.

"टाकल्या! कालं पोर कुनाला पायजे?" दिवाळे गावची ती कोळीण त्यांच्या वरताण ओरडली.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बेलापूरच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये मी पेशंटचे नंबर लावायच्या कामाला होतो. वाहतं रक्त रंगांत दाखवणारं डॉपलर मशीन नुकतंच आलेलं. तुम्हाला म्हणून सांगतो, तिच्या आवाजाने पडद्यावरचे लाल-निळे रंग जागा बदलायचे. रक्तवाढीच्या गोळ्यांनी पोर काळं निपजतं, ही तिची पक्की समजूत. तिची गरोदर सून टेबलावर पांढरीफटक. आणि तिच्या वाटणीच्या गोळ्या खाऊन खाडीतली बोया मासळी मात्र पैलवान झालेली!

एरवी ती आमच्याच दाराशी मासळीची पाटी लावायची. जिताडा कापला की डोकं बाजूला. "याला हात नाय लावायचा. माज्या सुनेचं हाय. आदी डोकं, मंग बाकीची दुनिया." एका बिल्डरने हट्ट धरला, तर तिने असा कोयता उगारला की तो थेट पनवेलला थांबला. मी काही मागे गेलो नव्हतो, पण थांबला असणार.

त्या दिवशी बाईंनी तिला स्टुलावर बसवलं. पोटातल्या बाळाच्या हृदयाची घडणच चुकली होती, त्यात आईचं रक्त कमी. पडद्यावर बोट ठेवून बाई म्हणाल्या, "हे बघा मावशी. जेवढं मिळतंय, त्यातलं बाळ आधी मेंदूला देतंय. बाकीचं अंग उपाशी ठेवून."

ती पहिल्यांदाच हळू बोलली. "आदी डोकं?"

"हो."

"माज्याच घरचं हाय गो." तिने पदर उचलला. मला वाटलं डोळे पुसेल. तिने पडदा पुसला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा.

त्या दिवसापासून ती सुनेला रोज पाटीजवळ बसवून गोळी द्यायची. "गिल. आता जीब दाखव." आमच्या अख्ख्या रांगेला त्या सुनेची जीभ पाठ झाली होती.

पोर सात तास जगलं.

"हृदयाचं गोळ्यांमुळे नाही झालं, मावशी," बाई तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.

महिन्याने पाटी परत लागली. ओरडणं नव्हतं. मी जिताडा घेतला. तिने तुकडे केले आणि डोकंही माझ्याच पिशवीत टाकलं.

"मावशी, हे सूनबाईचं ना?"

"ती खात नाय आता."