मामाच्या शिक्क्याचे गुण्ये

माझा मामा लोहार होता, पण विळे-कोयते त्याने कधी केले नाहीत. तो मापाची हत्यारं घडवायचा. सुतारांचे वर्तुळ आखायचे कैवार, कापडवाल्यांचे लोखंडी गज, आणि मुख्य म्हणजे गुण्ये. गुण्या म्हणजे दोन पात्यांचा काटकोन. भिंतीचा कोपरा किंवा खिडकीची चौकट सरळ आहे की नाही ते त्यावर ठरतं. मामाच्या गुण्यावर बुडाशी माशाचा छोटा शिक्का असायचा. तो दिसला की गवंडी डोळे झाकून गुण्या पिशवीत टाकायचे. सगळे त्याला उस्ताद म्हणत.

मामाला याचा तोरा होता. दुकानात चार माणसं बसली की तो म्हणायचा, "एक बायको सोडली तर माझ्या हाताखाली काही वाकडं राहिलेलं नाही." सगळे हसायचे. मामी चहाचे कप गोळा करून आत जायची. तीही हसते असं मला लहानपणी वाटायचं.

मामी स्वतः लोहाराची मुलगी. माहेरी भाता ओढला, सासरी घण घातला. दुकान पुढे, स्वयंपाकघर मागे, मध्ये एक फळ्यांची भिंत. त्यामुळे पोळी लाटतानाही पुढे लोखंड किती तापलंय ते तिला ठोक्यांच्या आवाजावरून कळायचं.

मामा चाळिशीत असताना तापलेल्या लोखंडावरची खपली उडून त्याच्या उजव्या डोळ्यात गेली. जखम भरली, पण त्या डोळ्यापुढे धुकं राहिलं ते राहिलंच. डॉक्टर काय म्हणाले ते त्याने घरात सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. तीन-चार महिन्यांनी एक सुतार आला. नवा गुण्या ऐरणीवर ठेवून, आवाज अगदी खाली आणून म्हणाला की चौकट काही केल्या बसत नाही. मामाने त्यालाच झापलं. तूच कुठेतरी पाडला असशील, माझ्या हत्याराला बोल लावू नकोस. सुतार बिचारा गुण्या उचलून गेला.

फळ्यांच्या भिंतीआड मामीने सगळं ऐकलं. दुपारी मामा जेवून आडवा झाला तेव्हा तिने खुंटीवरचे सात गुण्ये उतरवून मागच्या पायरीवर नेले. तपासायची रीत तिला बापाने शिकवली होती. फळीच्या सरळ कडेला गुण्या लावून रेघ ओढायची, मग तो उलटा करून त्याच जागी दुसरी ओढायची. दोन्ही एक झाल्या तर गुण्या खरा. सातांपैकी पाचांच्या रेघा वर जाताना फाकल्या. तिने गोणपाटाची घडी घातली, म्हणजे आवाज होणार नाही, आणि एकेक गुण्या त्यावर ठेवून कोपऱ्यात बोथट सळईने हलके ठोके दिले. आतल्या बाजूला ठोकलं की काटकोन उघडतो, बाहेरच्या बाजूला ठोकलं की मिटतो. मग कानस फिरवून कडा सारख्या केल्या. मामा उठून चूळ भरेपर्यंत सातही गुण्ये खुंटीवर होते.

हे तेरा वर्षं चाललं. पाहुणे असोत, ताप असो, दुपारचा तो तास तिचा मागच्या पायरीवर जायचा.

मला हे तिने सांगितलं ते मामा गेल्यावर. मी विचारलं, "मामाला कधी कळलंच नाही?"

"न कळायला काय झालं?" ती म्हणाली. "आधी गुण्या तयार झाला की हे लगेच शिक्का मारायचे. तो सुतार येऊन गेला आणि संध्याकाळी मारायला लागले. रेघा ओढून बघणंही सोडलं. झोपून उठायचे आणि सरळ शिक्का."

तेरा वर्षांत त्यावर एक शब्द नाही. कुणी वाखाणणी केली तर तो हात झटकून म्हणायचा, देणगी आहे. आणि मामी कप घ्यायला आली की बायकोचा विनोद.

शेवटी छातीच्या दुखण्याने त्याने अंथरूण धरलं. मामी रात्रंदिवस उशाशी. आता बोलतील, मग बोलतील, असं तिला वाटत राहिलं. तिला फार काही नको होतं. त्यांनी एवढंच म्हणावं, की मला माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात मामाने मुलाला जवळ बोलावलं. माझा हा मामेभाऊ बाजारात हार्डवेअरच्या दुकानात नोकरीला होता. मामा त्याला म्हणाला, शिक्का तुझ्याकडे ठेव, घराण्याचं नाव आहे. मग मामीकडे वळून पाणी मागितलं.

मामा गेल्यावर महिन्याभराने मामीने भट्टी पेटवली. पहिल्यांदाच पट्टी कापण्यापासून कानस फिरवण्यापर्यंत सगळं तिने एकटीने केलं. चार गुण्ये झाले. मामाचं जुनं गिऱ्हाईक असलेला एक गवंडी रस्त्याने चालला होता, त्याला तिने हाक मारली. त्याने फळीवर रेघा ओढल्या. एकावर एक आल्या. पुन्हा ओढल्या, तरी तेच. मग गुण्या खाली ठेवून म्हणाला, "माप बरोबर आहे, वहिनी. पण उस्तादांच्या हाताची सर नाही."

मामी म्हणाली, "तुमच्या पिशवीत आहे ना, तो मीच सरळ केलाय. तेरा वर्षं सगळे मीच करत होते."

गवंड्याने तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "दुःखात माणूस काहीही बोलतं. मी कुणाला सांगणार नाही."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं. मामेभाऊ तणतणत घरी आला. बाबांना जाऊन दोन महिने झाले नाहीत आणि तू त्यांना आंधळं ठरवतेस? एवढंच होतं तर तेव्हा का नाही बोललीस? तेव्हा बोलली असती तर दुकान बसलं असतं आणि याची शाळा सुटली असती, हे त्याला सांगणंही तिच्या जिवावर आलं.

माझी आई मामाची सख्खी बहीण. त्या रविवारी मामीकडे जेवताना ती सगळ्यांसमोर म्हणाली, "माझा भाऊ तसा नव्हता." मामीने माझ्याकडे पाहिलं. मला सगळं ठाऊक होतं. मी ताटातून मान वर केली नाही.

पुढे मामेभावाने नोकरी सोडली. भट्टी काढून तिथे काउंटर टाकला, कारखान्यातून खोक्यांनी गुण्ये मागवले आणि प्रत्येकावर माशाचा शिक्का ठोकला. पहिले काही महिने दुकान धोधो चाललं. मग तक्रारी सुरू झाल्या. एक चौकट बसेना, एका ओट्याचा कोपरा फाकला. एक दिवस जेवण झाल्यावर त्याने एक खोकं मामीपुढे आणून ठेवलं. "आई, जरा बघतेस का?"

मामीने त्यातला एक उचलला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत खोक्यात टाकला. "शिक्का मारलाय ना?" ती म्हणाली. "मग सरळच असणार."

पुन्हा त्याने विचारलं नाही. दीड वर्षात दुकान बसलं. लोक म्हणाले, उस्ताद गेला आणि कला गेली, बायको-पोराला काही जमलं नाही. आता तिथे एक टायरवाला भाड्याने आहे.

मामी मागच्या खोल्यांत असते, सुनेला भाजी निवडून देते. मी गेले की माझ्या मुलीची, तिच्या अभ्यासाची चौकशी करते. मी एकदा त्या रविवारचा विषय काढला, तर म्हणाली, "जाऊ दे, चहा निवतोय." आईशी मात्र ती आजपर्यंत बोललेली नाही. आई म्हणते, भाऊ गेल्यापासून वहिनी फार कडू झाली. मी तेव्हाही गप्प बसते.