मागच्या वर्षीची मुलं

एमबीबीएसला असताना आम्ही काहीजण दर रविवारी खाणकामगारांच्या वस्तीवर घरोघरी आजारांची नोंद करायला जायचो. अभ्यासक्रमात ते नव्हतं, आमची हौस होती. एका दारात खडी फोडणाऱ्या सुमनताई बसल्या होत्या. मी वही उघडून विचारलं, “घरात कुणाला खोकला आहे का?”

त्या शांतपणे म्हणाल्या, “मागच्या वर्षी पण तुमच्यासारखी मुलं आली होती. हेच विचारून, लिहून गेली. तेव्हा आमचे हे होते.”

बोलता बोलता त्यांनाच खोकल्याची उबळ आली. दुसऱ्या दिवशी लेक्चर बुडवून मी त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. क्षय निघाला. औषधं वेळेवर सुरू झाली, त्या बऱ्या झाल्या.

आजही पेशंटला “काय होतंय?” विचारताना मी क्षणभर थबकतो. उत्तर ऐकल्यावर नुसतं उठून जाता येत नाही.