माझ्या वाट्याच्या टाळ्या

दहावीला मी वणीहून नाशिकला मावशीकडे राहायला आले. तिथल्या शाळेतले इंग्रजीचे सर चुकणाऱ्याला मारत नसत, त्याच्या नावाने टाळ्या वाजवायला लावत. सगळ्या वर्गाने, जोरात, सर थांबा म्हणेपर्यंत.

एके दिवशी वाक्यांचे प्रकार चालले होते, सर मला एकेक वाक्य वाचायला लावत होते. विधानार्थी, प्रश्नार्थी, आज्ञार्थी मी कशीबशी निभावली. मग उद्गारार्थी आलं: ‘व्हॉट अ ब्यूटिफुल हाउस!’ तेही मी सपाट, एका सुरात वाचून टाकलं. सरांनी कपाळाला हात लावला.

“मयताची बातमी वाचतेस का गं? वणीत सुंदर घर बघून असंच म्हणतात? वाजवा टाळ्या!”

पुढे वर्षभर मी त्या वर्गात तोंड उघडलं नाही. सरांना मात्र विसरले नाही.

आता नाशिकच्याच अंबड एमआयडीसीत माझा इंग्रजी बोलण्याचा क्लास आहे. कारखान्यातली पहिली पाळी सुटली की लोक युनिफॉर्मवरच येतात. नवा शिक्षक घ्यायचा तर आधी त्याने वर्गासमोर डेमो द्यायचा. मला पटला तर मी टाळ्या सुरू करते, मग वर्ग वाजवतो, आणि मी थांबले की थांबतो.

मागच्या महिन्यात डेमोला तेच सर आले. निवृत्त झालेले, केस रंगवलेले. कामाची फार गरज आहे, असं फोनवरच म्हणाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी विषय दिला, वाक्यांचे प्रकार.

शिकवलं चांगलं, हे कबूल करायला जिवावर येतं. मी पहिल्या बाकावर हाताची घडी घालून नुसती बघत राहिले. हसले नाही, मान हलवली नाही. सर बावचळले, रुमालाने मान पुसायला लागले. मग मी उठले आणि फळ्यावर ते घराचं वाक्य लिहिलं.

“हे जरा वाचून दाखवता, सर?”

त्यांचा आवाज कापला. वाक्य कोरडंच बाहेर पडलं.

“मयताची बातमी वाचताय का, सर?” त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू मी म्हणाले आणि टाळ्या सुरू केल्या.

वर्गाला वाटलं, सर पास. सगळे जोरात वाजवायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “लय भारी, सर!”

सर माझ्याकडे वळले.

“तू... वणीची?”

मी मान डोलावली. त्यांनी खडू ठेवला, पिशवी उचलली आणि दाराकडे निघाले. हात झोंबत होते, पण ते जिना उतरून जाईपर्यंत मी टाळ्या थांबवल्या नाहीत.