रस्ता विचारणारा मामा

सगळे रस्ते पाठ असूनही पावलोपावली रस्ता विचारणारा माणूस अख्ख्या बंगळुरात एकच होता, आणि तो माझा मामा. सरकारी कारखान्यात विमानांचे भाग तपासण्यात त्याची उमर गेली. तो राहायचा त्या येलहंक्यातला दगड न् दगड त्याच्या ओळखीचा, तरी चौक आला की कुणाला तरी गाठून कानडीत "अण्णा, स्वल्प...", म्हणजे "दादा, जरा...", अशी सुरुवात तो करणारच. फोनमधल्या नकाशाचं नाव काढलं की म्हणायचा, "तो नकाशा तुला 'कुठून आलीस, जेवलीस का' असं विचारतो का?" एकदा तर त्याने स्वतःच्याच गल्लीचा पत्ता विचारला. समोरच्या गृहस्थांनी छातीठोकपणे उलटी दिशा दाखवली. मामा निमूट तिकडे चालू लागला आणि भलामोठा वळसा घालून घरी आला. ताटं घेऊन खोळंबलेल्या मामीला म्हणाला, "अगं, ते बघत उभे होते. माघारी वळलो असतो तर त्यांना काय वाटलं असतं?"

मी नोकरी शोधायला सांगलीहून त्याच्याकडे आले. मी लहानपणापासून बोलताना अडखळते. घरचे सगळे प्रेमळ, माझा शब्द अडला की लगेच पुरवायचे. माझी निम्मी वाक्यं अशी दुसऱ्यांनीच पुरी केली होती, आणि त्यांतली बरीचशी मला म्हणायचीही नव्हती. मामाने मात्र कधी एक शब्द पुरवला नाही. पहिल्याच आठवड्यात बसस्टॉपपाशी म्हणाला, "माझा घसा बसलाय. आपली बस कुठे लागते, तू विचार." घसा ठणठणीत होता. फुलं विकणाऱ्या एका अक्कांसमोर मी उभी राहिले. 'येलहंका'मधला 'ये'च निघेना. मामाकडे पाहिलं, तर तो शेवंतीचा भाव करण्यात गुंग. अक्का माळ ओवत, माझ्याकडे बघत थांबल्या. शेवटी शब्द निघाला. "सरी," म्हणजे 'बरं', असं म्हणत त्यांनी बोट दाखवलं. त्या दिवसापासून मामाचा घसा रोज बसू लागला.

पहिली मुलाखत महादेवपुऱ्यात होती. तिथे मी नेमकी स्वतःच्या नावावर अडकले. साहेब कागदावरचं नाव वाचून पुढच्या प्रश्नाकडे निघाले, तेव्हा मी हात वर करून त्यांना थांबवलं आणि नाव माझं मीच सांगितलं. नोकरी काही मिळाली नाही. बाहेर मामा उभाच होता.

"नाव कुणी सांगितलं?"

"मी."

त्या आनंदात त्याने मला दोन प्लेट केसरीभात खाऊ घातला. नोकरी चौथ्या मुलाखतीत मिळाली. आता दिवसभर फोनवर लोकांशी बोलणं हेच माझं काम आहे, आणि मी अजूनही अडखळते. आम्हा सगळ्या भाच्यांना त्याने रस्ता विचारायची सवय लावली. माझ्या मावसभावाला तर रस्ता विचारता विचारता बायको मिळाली.

मामी गेल्यावर मामाला त्याचा मुलगा कॅनडाला घेऊन गेला. दर रविवारी फोन येतो. "रस्ते फार छान आहेत गं इथले," परवा म्हणाला, "पण रस्त्यावर माणूसच नसतं."

 मग आठवडाभरात भेटलेली माणसं मी त्याला एकेक करून सांगू लागते. मध्येच एखादा शब्द अडतो. पलीकडे अगदी शांत असतं. मामाला कसलीच घाई नसते.